आवाज म्हणजे पत्ता

आमच्या शेजारच्या मेश्राम काकाजींनी एकदा माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला पेचकस लावला. म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक गुडघ्यावर, मूठ स्वतःच्या कानाला आणि डोळे गच्च मिटलेले. सासूबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. "वाकवा," काकाजी म्हणाले. त्यांनी वाकवला. "सोडा." सोडला. मग पेचकस शर्टाच्या खिशात ठेवून काकाजींनी मान हलवली.

"बेरिंग गेला. आतलं ग्रीस सुकलं. आणि स्पेअर मिळणं कठीण, हे मॉडेल बंद झालं."

सासूबाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. गोंदियाचा डॉक्टर नुसत्या गोळ्या लिहून द्यायचा, नक्की काय बिघडलं ते काही सांगत नव्हता. त्या दिवसापासून कोणी गुडघ्याची चौकशी केली की त्या ऐटीत सांगायच्या, "बेरिंग गेला माहा. स्पेअर नाई भेटत."

मी गोंदियाजवळच्या मुर्रीत आटाचक्की चालवते. गहू, तांदूळ, मिरची, जे आणाल ते दळून देते. आमचे हे ट्रकवर असतात. महिन्यातले अर्धे दिवस कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवतात आणि घरी आले की माझ्या भाजीला नावं ठेवतात. म्हणून चक्की, सासूबाई आणि घर, तिन्ही माझ्याच गळ्यात. काकाजींची आणि आमची भिंत एक. मधल्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी पेरूचं झाड.

काकाजी नौदलातून रिटायर होऊन गावी आले, तेव्हा मी या घरात नवी सून होते. आता मुर्री आणि नौदल! आमच्याकडे पाणी म्हणजे बोडी, तलाव आणि धानाच्या बांधीत साचतं तेवढं. समुद्र बघायचा तर रेल्वेत बसून एक रात्र तरी काढावी लागते. काकाजी तर समुद्राच्याही खाली राहून आलेले. अणुशक्तीवर चालणारी, लढाईची पाणबुडी. परदेशातून भाड्यानं आणलेली.

"भाड्यानं?" सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "आपन लग्नात मंडप आनतो तशी?"

"तशीच," काकाजी म्हणाले. "वापरायची, पुसून परत द्यायची."

तिच्यावर त्यांचं काम काय, तर बेरिंग. बेरिंग म्हणजे फिरत्या दांड्याला धरून ठेवणारी लोखंडी कडी, आत गोळ्या असलेली. पंप असो, पंखा असो, चक्की असो, जे फिरतं त्याला बेरिंग लागतोच. पाणबुडीतला बेरिंग झिजला की तो काढून दुसरा बसवायचा, आणि बसवण्याआधी तो दुसरा फिरवून, कान लावून ऐकायचा. जरा जरी कुरकुरला तरी नापास. मेणकागदात गुंडाळून परत खोक्यात. उघड्या हातानं धरायचाही नाही, घामानं गंजतो म्हणे. पास की नापास, हे काकाजींच्या कानावर ठरायचं.

"पाणबुडी कोणाला दिसत नाही, बेटा," ते मला समजावून सांगायचे. "दुश्मन तिला ऐकते. एक बेरिंग करकरला की संपलं. आवाज म्हणजे पत्ता. आवाज केला की आपला पत्ता दिला."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. शाळेतल्या पोरांनी बाकं सरकवली, आवाज म्हणजे पत्ता. लग्नात बँड वाजला, आवाज म्हणजे पत्ता. त्यावर मी एकदा म्हटलंही, "काकाजी, लग्नवाल्यांनी पत्ता पत्रिकेत छापूनच दिला असतो." ते हसले नाहीत. नौदलाची माणसं ड्यूटीच्या विषयावर हसत नसावीत.

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य "सांगता येत नाही". पाणबुडी कुठं जायची? सांगता येत नाही. किती खोल? सांगता येत नाही. हे ठीक आहे, देशाची गोष्ट आहे. पण ही सवय जिभेला अशी चिकटली की सुमनकाकूंनी आज भाजी कशाची केली असं विचारलं तरी काकाजी आधी इकडेतिकडे बघायचे आणि मग "सांगता येत नाही" म्हणायचे. मागून काकू ओरडायच्या, "वांग्याची हाये वं लता, वाटी घेऊन ये!"

सुमनकाकू म्हणजे काकाजींची बायको, आणि सगळ्या गल्लीत त्यांच्याइतका मोठा आवाज कोणाचा नव्हता. देवानं नाही तर कोणी जुळवली ही जोडी, सांगा. काकाजी गावी येईपर्यंत काकू इथं एकट्याच राहायच्या, मुलाला घेऊन. नवरा कुठं आहे हे कोणी विचारलं की म्हणायच्या, "पान्याखाली हाये. दम लागला का येतील वर." त्यांचा मिलिंद जन्मला तेव्हाही काकाजी पाण्याखालीच होते. "वर आलो तेव्हा निरोप मिळाला," काकाजींनी एकदाच सांगितलं. "आणि घरी पोचलो तेव्हा पोरगं हसायला लागलं होतं." त्यावर काकू म्हणाल्या, "तुमाले पाहून नाई हसला, रडला होता." एवढंच बोलणं झालं आणि दोघंही आपापल्या कामाला लागले.

तर रिटायर होऊन आल्या आल्या काकाजींनी घराचा साउंड कंट्रोल हाती घेतला. फाटकाच्या बिजागऱ्यांना ग्रीस. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे बूट. डब्यांच्या झाकणांना रबर. पंखा उतरवला, बेरिंग बदलला, परत लावला. असा लावला की तो फिरतो की नाही हे वर बघूनच कळायचं. टीव्ही आवाज बंद करून. स्वतःच्या चपलांना खालून रबराचा तळ चिकटवलेला, त्यामुळे काकाजी मागे येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. मी दोनदा पिठाची पायली पाडली त्यांच्यामुळे.

आणि मग त्यांनी विहिरीच्या गिर्रीला हात घातला.

ही गिर्री म्हणजे विहिरीवरचं चाक, ज्यावरून दोर जातो. काकूंची गिर्री जुनी होती आणि बादली ओढली की तिचा आवाज पार बुद्धविहारापर्यंत जायचा. कीऽऽ करून चढायची आणि शेवटी कुक् करून थांबायची. तेव्हा नळ नव्हते, आणि काकूंच्या विहिरीचं पाणी गोड, त्यावर डाळ चटकन शिजायची. सकाळी ती गिर्री बोलली की गल्लीतल्या बाया समजायच्या, सुमन उठली. मग एकेक जण घागर घेऊन निघायची. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या बैलाला काय झालं, कोणाचा नवरा काल पिऊन आला, सगळं त्या विहिरीवर. मी नवी होते, मला तर गावातली माणसं त्या विहिरीवरच ओळखू आली. आमच्या सासूबाई अंथरुणातून आवाज ऐकायच्या आणि मला हलवायच्या, "ऊठ वं, सुमन उठली."

काकाजींनी एका दुपारी गिर्री खाली काढली, दोन्ही बाजूंनी झकास सीलबंद बेरिंग बसवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादली वर आली ती तोंडातून शब्द न काढता. गल्लीत कोणी उठलं नाही. आम्ही सगळ्या उशिरा उठलो आणि धावपळ करत बसलो.

काकू अशा चिडल्या! "माह्या गिर्रीचं तोंड काऊन बंद केलं तुमी? बायाईले कसं समजल मी उठली म्हनून?"

"न समजू दे ना," काकाजी म्हणाले. "तोच तर फायदा आहे."

काकूंनी त्यांच्याशी अबोला धरला. चांगला धरला, पुष्कळ दिवस. आणि गंमत अशी की काकाजींना तो कळलाच नाही. ते माझ्या चक्कीवर येऊन समाधानानं सांगत होते, "बेटा, आता घरात साउंड कंट्रोल बरोबर बसला आहे. तुझी काकूही सुधरली." मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

शेवटी काकूंनीच त्यावर उपाय काढला. सकाळी पहिली बादली काढली की त्या विहिरीवर उभ्या राहून हाक द्यायच्या, "उठली वं मीऽऽ!" गिर्री परवडली असती.

पुढे गल्लीत नळ आले. विहिरीवरचं येणं कमी झालं. मिलिंद शिकून बंगळुरूला नोकरीला लागला. आणि एका पावसाळ्यात सुमनकाकू गेल्या. ताप आला म्हणाल्या, गोंदियाला नेलं, आणि परत आणलं ते तसंच. काकूंना नेताना काकाजी सगळ्यांच्या मागून चालत होते आणि त्यांच्या चपलांचा आवाज येत नव्हता. मला ते बघून फार वाईट वाटलं. त्या दिवशी तरी त्यांनी साध्या चपला घालायला हव्या होत्या.

त्यानंतर काकाजी एकटे. त्या घरातून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. फोन होता, मिलिंदनं घेऊन दिलेला, पण तो मुका करून ठेवलेला. मिलिंद फोन करून करून थकायचा आणि शेवटी मला करायचा. "लतावहिनी, बाबा आहेत ना?" मी भिंतीवरून डोकावायची. काकाजी पेरूच्या झाडाखाली खुर्चीत बसलेले, हातात काहीतरी फिरवत. "आहेत," मी सांगायची.

एक तेवढी जागा होती जिथं ते रोज यायचे, ती म्हणजे माझी चक्की. मी बटन दाबलं की थोड्या वेळात भिंतीला वळसा घालून काकाजी हजर. पेचकसाचं टोक चक्कीच्या अंगावर, मूठ कानाला. दळायला आलेल्या बाया बाजूला सरकून जागा द्यायच्या, जसं डॉक्टर आल्यावर खाटेजवळून सरकतात. "आज बरी आहे," म्हणायचे, नाहीतर "डावा बेरिंग तक्रार करून राहिला." आणि बेरिंगनं खरंच तक्रार केली, म्हणजे करकरायला लागला, की काकाजी चालत नाही, धावत यायचे. माझी चक्की करकरली आणि काकाजी आले नाहीत, असं कधी झालं नाही. जेवत असले तर खरकट्या हातानं यायचे.

मधे एकदा टीव्हीवर बातमी आली. तशीच एक पाणबुडी परत भाड्यानं आली म्हणून. आमचा टीव्ही मोठा, तर काकाजी आमच्याकडे बघायला आले. आल्या आल्या म्हणाले, "आवाज बंद कर." पडद्यावर ती काळी, लांबलचक पाठ पाण्यातून चालली होती, वर माणसं रांगेत उभी. काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि बातमी संपेपर्यंत बसले नाहीत.

"तिचे बेरिंग कोण ऐकत असेल आता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "असेल जी कोणीतरी."

"मशीन ऐकत असेल," ते म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले. त्या दिवशी ते माझ्या चक्कीवर पुन्हा पुन्हा आले, काही बिघडलेलं नसताना. मीही ऐकू दिलं.

आता खरी गोष्ट सांगते. हिवाळा होता. नवं धान घरोघर आलेलं, तांदळाचं पीठ दळायला ही गर्दी. सकाळी मी चक्की सुरू केली आणि थोड्याच वेळात बेरिंग ओरडायला लागला. करकर नाही, चक्क किंकाळी. मी मनात म्हटलं, आले आता काकाजी, आणि बोलणी खायची तयारी ठेवली. एक डबा दळून झाला. दुसरा झाला. बेरिंग ओरडतोय आणि काकाजींचा पत्ता नाही.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "आज तुह्या चक्कीचा डाक्टर काऊन नाई आला वं?"

मी चक्की तशीच बंद केली, पिठाच्या हातानं पळत गेले. फाटक उघडलं, आवाज नाही. "काकाजी!" हाक मारली, उत्तर नाही. विहिरीजवळ शेवाळलेल्या दगडावर ते कुशीवर पडले होते. डोळे उघडे. थंडीनं ओठ निळे पडलेले. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. बादली शेजारीच आडवी, तिलाही खालून रबर लावलेलं, म्हणून ती पडली तेव्हा तीसुद्धा वाजली नव्हती.

"अवो काकाजी! ओरडायचं होतं ना! मी भिंतीपलीकडे तर होती!"

"सवय नाही," ते म्हणाले. मग दम घेऊन बोलले, "बाहेरच्या बाजूचा बेरिंग गेला तुझा. केव्हाचा ऐकून राहिलो. बंद काऊन नाही केली? दांडा खराब होईल."

मी तिथंच मटकन बसून रडायला लागले. रागही आला होता. माणूस मरायला टेकला आहे आणि माझ्या चक्कीची चिंता करतोय!

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. गोंदियाला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावलं की खुब्यातला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवावा लागेल. काकाजी एकदम ताठ झाले. "म्हणजे स्पेअर बेरिंग," ते म्हणाले. "फिरवून ऐकला का कोणी? खोक्यातून काढताना हातमोजे घालाल ना?" डॉक्टर भला माणूस होता, "घालतो काका," म्हणाला. आणि ही बातमी ऐकून आमच्या सासूबाई रुसल्या. "त्याईले भेटला स्पेअर. मलेच नाई भेटत."

मिलिंद धावत आला होता. चांगला मुलगा आहे. ऑपरेशन झालं, वॉकर आलं, तोवर तो राहिला. पण निघताना त्यानं स्पष्ट सांगितलं. आम्हा सगळ्यांसमोर, ओसरीत बसून.

"बाबा, होळीला मी येतो आणि तुम्हाला घेऊन जातो. वहिनींची चक्की त्या दिवशी बिघडली नसती तर? तुम्ही फोन उचलत नाही, हाक मारत नाही. इथं तुम्हाला काही झालं तर कोणालाच कळणार नाही."

मिलिंद गेला. बंगळुरूला त्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे आणि खिडक्या बंद केल्या की रस्त्याचा आवाज आत येत नाही, असं त्यानं मुद्दाम सांगितलं होतं, बाबांना आवडेल म्हणून. मी विचारलं, "मग जाल काकाजी?" ते विहिरीकडे बघत होते.

"तिथं गिर्री नाही," ते म्हणाले. मग वॉकर जवळ ओढत, "लता बेटा, तुझा तो गेलेला बेरिंग फेकला का?"

"नाही, पडला आहे. कायले पाहिजे?"

"आण."

मी आणून दिला. त्यांनी तो रॉकेलमध्ये धुतला, उरलंसुरलं ग्रीस काढलं, आणि शेजारच्या सायकलवाल्याला बोलावून गिर्री खाली घ्यायला लावली. स्वतःच्या त्या झकास सीलबंद बेरिंगांपैकी एक काढला आणि तिथं माझा मेलेला बेरिंग बसवायला लावला. मी बघतच राहिले. आयुष्यभर खराब काढून चांगला लावणारा माणूस चांगला काढून खराब लावत होता. सायकलवाल्यानं दोर ओढला. गिर्री घरघरली.

"नापास," काकाजी म्हणाले. "हा घोगरा आहे. ती घोगरी नव्हती."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की काकाजी काकूंच्या गिर्रीचा तो जुना आवाज शोधतायत.

मग सुरू झाली शोधाशोध. सायकलवाल्याकडचे सगळे सडके बेरिंग आणून झाले. नापास, आवाज बारीक. राईस मिलच्या भंगारातले आणले, ते गिर्रीत मावेनात. आमच्या ह्यांना कोहमाऱ्याच्या मिस्त्रीकडून एखादा खराब बेरिंग आणायला सांगितलं, तर ह्यांनी डब्यातला कोरा करकरीत नवा आणला. "एवढ्या मोठ्या माणसाले भंगार कसं देऊ?" ह्यांचं म्हणणं. काकाजींनी तो नवा बेरिंग कानाशी फिरवला, "फर्स्ट क्लास आहे, चक्कीला लाव," म्हणून मला दिला आणि म्हणाले, "मीच येतो."

वॉकरसकट त्यांना काळीपिवळीत घातलं. ही आमच्याकडची वडाप जीप, तिच्यात माणसं अशी कोंबतात की पडायची सोय नसते, त्यामुळे खुब्याची काळजी नव्हती. कोहमाऱ्याला चौकातल्या गॅरेजमधला मिस्त्री हिंदी बोलणारा. त्यानं अदबीनं खुर्ची दिली.

"कौनसा बेरिंग चाहिए, अंकल? बढिया माल है."

"सबसे खराब वाला," काकाजी म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जो माँगते, वो दो, भैया." त्यानं भंगाराचा डबा जमिनीवर उलटा केला. काकाजी खुर्चीत बसून एकेक बेरिंग उचलत होते. हातमोजे घालून! एकेक पेचकसावर चढवून फिरवायचा, डोळे मिटून कानाशी न्यायचा, बाजूला ठेवायचा. नापास. नापास. गॅरेजमधली पोरंटोरं, ट्रकवाले, चहावाला, सगळे गोल करून उभे. एकानं हळूच मला विचारलं, "बाबाजी आंधळे आहेत काय?" आणि मग एका ट्रकच्या पाण्याच्या पंपातला गंजका बेरिंग त्यांनी फिरवला, आणि परत फिरवला, आणि त्यांचा हात थांबला. मेणकागद नव्हता म्हणून त्यांनी तो बेरिंग रुमालात गुंडाळला आणि छातीशी धरून गाडीत बसले. गाडी सुटल्यावर मला म्हणाले, "तीस वर्षं मी आवाज मारले, बेटा. तुझ्या काकूचाही मारला. तिले किती वाईट वाटलं असेल, मले समजलंच नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

होळीला मिलिंद आला. दोन तिकिटं काढूनच आला होता. बॅग ओसरीत ठेवली आणि सामान बांधायला सुरुवात करणार होता. काकाजी म्हणाले, "उद्या सकाळी ट्रायल आहे. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या बाजूला भिंतीशी उभी होते. पलीकडे मिलिंद तोंडात ब्रश धरून, खांद्यावर टॉवेल टाकून उभा. काकाजींनी वॉकर काठाशी टेकवलं, लहान बादली विहिरीत सोडली. दोर ओढला.

कीऽऽ करून गिर्री चढली आणि शेवटी कुक् करून थांबली.

मिलिंदच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. काकाजी हातातला दोर धरून उभे होते, मान जराशी कलती, पास की नापास ते ठरवत. आणि आमच्या घरातून, खाटेवरून, अर्धवट झोपेतल्या सासूबाईंचा आवाज आला. त्यांना अलीकडे पुष्कळसं आठवत नाही.

"ऊठ वं लता. सुमन उठली."

काकाजींनी बादली काठावर ठेवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"पास," ते म्हणाले.

मिलिंद बराच वेळ भिंतीकडे पाठ करून चूळ भरत राहिला. मग त्यानं एक तिकीट रद्द केलं. जाताना ठरवून गेला ते असं: रोज सकाळी गिर्री वाजली की मी त्याला एक मिस कॉल द्यायचा. त्याचे पैसे पडत नाहीत आणि बोलावंही लागत नाही. काकाजींना ही व्यवस्था फार आवडली. "सिग्नल मी देतो," म्हणाले, "पुढं तू पोचव. पत्ता लागला पाहिजे कोणाला तरी."

घरात नळ आहे, मोटार आहे. त्या एका बादलीची काकाजींना काही गरज नाही. ती ते पेरूच्या झाडाला घालतात. मी मात्र ती वाजेपर्यंत चक्कीचं बटन दाबत नाही. एखाद्या दिवशी उशीर झाला की दळायला आलेल्या बायांनाही गप्प करते, आणि आम्ही सगळ्या डबे धरून भिंतीकडे कान लावून उभ्या राहतो.

मग गिर्री वाजते आणि सासूबाई विचारतात, "सुमन उठली काय वं?"

आधी मी त्यांना सांगत असे, काकू गेल्या म्हणून. आता नाही सांगत. "हो जी, उठली," म्हणते, आणि बंगळुरूला मिस कॉल देते.